एकटीला जाता येईल असं एक दुकान

"मॅडम, पुण्यात फॅमिलीसाठी चांगला एरिया कोणता?"

मी कोल्हापुरात समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न घेऊन माझ्याकडे थेट कुणी येत नाही. येतात ते वेगळंच काही सांगत. नवरा-बायकोत धुसफूस वाढली आहे, मुलगी नीट जेवत नाही, झोप लागत नाही. बोलत गेलं की तळाशी हे निघतं: नवी नोकरी लागली आहे, दोन-तीन महिन्यांत कोल्हापूर सोडायचं आहे, आणि घर चुकीच्या ठिकाणी घेतलं तर पोरांचं वाटोळं होईल अशी धास्ती बसली आहे. गेल्या काही वर्षांत हे इतक्यांदा ऐकलं की एका कुटुंबाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

2025 च्या फेब्रुवारीत ते माझ्याकडे राजारामपुरीत आले. शिवाजी पेठेतलं कुटुंब. त्याला हिंजवडीत नोकरी मिळालेली, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जायचं. ती एका बालवाडीत आठ वर्षं शिकवत होती, ते सुटणार होतं. मुलगी पाचवीत, मुलगा जूनमध्ये पहिलीत जाणार. शिवाय गुडघेदुखी आणि शुगर असलेल्या तिच्या सासूबाई. त्या "मी हितंच बरी हाय" एवढंच म्हणून विषय संपवायच्या, आणि त्यावरून घरात रोज खटके उडायचे.

त्याने लॅपटॉप उघडला. चौदा एरियांचा तक्ता केला होता: ऑफिसपासून अंतर, भाडं, सोसायटीत काय काय आहे, शाळेचं नाव किती मोठं, पुढे जागेचा भाव वाढेल का. प्रत्येकाला दहापैकी मार्क. मेहनत खरी होती आणि काळजीही खरी होती, हे आधी सांगते. असा तक्ता करणाऱ्या माणसाला घरच्यांचं काही पडलेलं नाही असं समजण्याची चूक आम्ही समुपदेशकही करतो.

मी तिला विचारलं, "तुम्हाला यातलं कोणतं बरं वाटतं?"

ती पर्सची चेन उघडत-मिटत होती. म्हणाली, "हे म्हणतील तसं."

हे वाक्य ऐकलं की मी तिथेच थांबते. ज्या घरात एक माणूस तक्ते करतो आणि दुसरं "म्हणाल तसं" म्हणतं, तिथे सहा महिन्यांनी "मला कुणी विचारलंच नव्हतं" हे ऐकायला मिळतं. तेव्हा घर बदलायला हातात पैसेही नसतात आणि मुलांची शाळाही सुरू झालेली असते.

मी लॅपटॉप मिटायला सांगितला आणि एक मोठा कागद आणि पेन्सिल दिली. घरातल्या पाचही जणांचा साधा, सोमवार-मंगळवारचा दिवस तासातासाने मांडायचा. पुण्यात गेल्यावर कोण किती वाजता कुठे असेल? त्याने भराभर स्वतःचा रकाना भरला: साडेसातला उठायचं, नऊला निघायचं, रात्री आठला परत. मग तिने तिचा भरला, सासूबाईंचा भरला, मुलांचे भरले. शेवटी मी म्हटलं, आता प्रत्येकाचे घरात किंवा घराच्या आसपास जागेपणी किती तास जातात ते मोजा.

त्याचे साडेचार भरले. तिचे चौदा. सासूबाईंचे पंधरा. मुलाचे आठ.

तो कागदाकडे बघत राहिला. पेन्सिल हातात तशीच. मग हळू आवाजात म्हणाला, "मी सगळा तक्ता माझ्या साडेचार तासांसाठी केलाय."

एवढ्यावर प्रश्न सुटत नाही, हेही लगेच सांगते. वाहतुकीत रोज तीन तास घालवून चिडलेला बाप घरी आला तर घर कितीही चांगल्या वस्तीत असो, त्याचा उपयोग नाही. म्हणून आम्ही ऑफिसच्या अंतराला एकच अट घातली: सकाळी नऊच्या गर्दीत पाऊण तासाच्या आत. रात्री अकराला मॅपवर दिसणारा वेळ धरायचा नाही. आणि माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोचं काम तेव्हा सुरू होतं. "मेट्रो येणारच आहे" हे हिशेबात धरायचं नाही, आली की बघू. ही अट पाळून उरलेले सगळे मार्क बाकीच्या चौघांच्या दिवसाला द्यायचे.

पुढच्या वेळी मी मुलीला बोलावलं. अकरा वर्षांची, पायात फुटबॉलचे बूट घालूनच आलेली. शिवाजी पेठेतली पोर, तिला तालमी आणि त्यांच्या फुटबॉल टीम तोंडपाठ. मी विचारलं, नव्या घराजवळ तुला काय पाहिजे? मला वाटलं मैदान म्हणेल, नाहीतर मैत्रिणी.

ती म्हणाली, "मला एकटीला जाता येईल असं एक दुकान."

मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दही, कधी कोथिंबीर, कधी आज्जीचा पानाचा विडा आणायचं काम तिचं. दुकानदार तिला नावाने ओळखतो, सुट्टे नसले तर "उद्या दे" म्हणतो, आणि ती वाटेत रेंगाळली तर घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असतं. पुण्यातल्या चुलत भावाच्या सोसायटीत ती दिवाळीत राहून आली होती. तिथे खाली पोहायचा तलाव होता, पण गेटबाहेर मोठा रस्ता, त्यावर सिमेंटचे मिक्सर, फुटपाथ नाही. "तिथं मी कुठंच जात नव्हतो," ती म्हणाली.

आणि मग एकदम गप्प झाली. आमच्याकडे पोरी "मी जातो, मी आलो" असंच बोलतात. त्या सोसायटीतल्या मुली यावरून हसल्या होत्या. हे तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. जेवण कमी झालं होतं ते त्या दिवाळीपासून.

आईवडिलांना मी हे आवर्जून सांगते: गाव सोडण्याआधी मुलांशी बोलीबद्दल बोला. आपण बोलतो ती कोल्हापूरची भाषा आहे, ती चूक नाही, पुण्यात शाळेत लिहिताना वेगळं लिहावं लागेल आणि घरात असंच बोलायचं. हे आईबापांच्या तोंडून आधी ऐकलेलं असलं की वर्गात कुणी हसलं तरी मूल आतून मोडत नाही. त्या मुलीच्या वडिलांनी हे त्याच संध्याकाळी, रंकाळ्यावर फिरताना तिच्याशी बोललं. स्वतः इंजिनिअरिंगला गेल्यावर होस्टेलवर काय ऐकावं लागलं होतं, तेही पहिल्यांदाच सांगितलं.

सासूबाई तिसऱ्या वेळी आल्या, नाइलाजाने. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुम्ही जायचं की नाही हे मी विचारत नाही. समजा गेलाच, तर घर बघताना तुम्ही काय बघाल?"

त्या पटकन म्हणाल्या, "पाणी कुठवर येतं ते."

खोलीतलं कुणीच काही बोललं नाही. त्यांची बहीण शाहूपुरीत कुंभार गल्लीत राहते. 2019 ला घर पाण्यात गेलं, 2021 ला पुन्हा गेलं. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. आणि चौदा एरियांच्या तक्त्यात नदीचा रकानाच नव्हता. पुण्यात नदी कुठे घरात येते, असं त्याला वाटत होतं. 2024 च्या जुलैत सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी घरांत शिरलं होतं, त्याची आठवण त्याला सासूबाईंनीच करून दिली. टीव्हीवर बघितलं होतं म्हणाल्या.

महापालिकेच्या विकास आराखड्यावर नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा दाखवलेल्या असतात. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. भाड्याने घर घेतानाही त्या बघाव्यात, कारण तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरातलं सामानही तुमचंच असतं. दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोने त्या बघितल्या आणि जुन्या सांगवीतला नदीच्या बाजूचा एक स्वस्त फ्लॅट यादीतून काढला.

त्या दिवसापासून सासूबाईंचा "मी हितंच बरी" हा सूर उतरला. त्यांचा हट्ट पुण्याला जाण्याविरुद्ध नव्हताच. आपण आता कुणाच्या हिशेबात नाही, ही ती बोच होती.

मार्चमध्ये ते पुण्याला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा शनिवारी संध्याकाळी, एजंटबरोबर. त्या वेळी सगळंच छान दिसतं. दुसऱ्यांदा मी मुद्दाम मंगळवारी जायला सांगितलं, एजंटशिवाय, आणि तीन वेळा: सकाळी साडेसातला, संध्याकाळी सहाला, रात्री नऊला. सकाळी शाळेच्या बस कुठे थांबतात आणि तिथे उभं राहायला जागा आहे का. सहाला खाली किती मुलं खेळतात, त्यात मुली किती. रात्री नऊला तिने एकटीने मेडिकलपर्यंत चालत जाऊन यायचं, तो गाडीत बसून राहील. आणि वॉचमनला, भाजीवाल्या बाईला एकच प्रश्न: उन्हाळ्यात टँकर किती येतात? एका चकचकीत सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं, दिवसाला दहा-बारा. ते पैसे मेंटेनन्समधून जातात आणि सकाळी सहापासून टँकरची घरघर असते, हे एजंटच्या तोंडून निघालं नव्हतं.

शेवटी नवी सांगवी ठरली. जुनी-नवी मिसळलेली वस्ती, रस्ते अरुंद, पार्किंगची बोंब. त्याच्या तक्त्यात ती नवव्या नंबरवर होती. पण इमारतीला लिफ्ट होती, औंधचं जिल्हा रुग्णालय जवळ, भाजी खालीच, आणि रस्ता न ओलांडता गाठता येतील अशी दोन किराणा दुकानं. ऑफिसला सकाळी चाळीस मिनिटं.

घर विकत घ्यायचा त्याचा बेत होता. मी पैशाचा सल्ला देत नाही, पण यात बोलले. पहिलं वर्ष भाड्याने राहा. अकरा महिन्यांच्या करारात एक पावसाळा, एक दिवाळी आणि शाळेचं जवळजवळ एक वर्ष जातं. एवढ्यात वस्ती कळते. करार नोंदवून घ्या, तो आता ऑनलाइनही होतो. नवीन लग्न झाल्यावर मी स्वतः ठाण्याजवळ दोन वर्षं काढली आहेत, नवऱ्याच्या कंपनीपासून दहा मिनिटांवर, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. दारावर कोणी आलं तर ते मीटर बघायला. ते दिवस मला आजही नीट आठवतात, आणि बहुतेक म्हणूनच "हे म्हणतील तसं" म्हणणाऱ्या बाईपाशी मी जास्त वेळ बसते.

शाळेचं थोडक्यात. मोठ्या नावाच्या शाळांचे प्रवेश जूनच्या कितीतरी महिने आधी उरकलेले असतात, हे कळल्यावर दोघं घाबरले होते. पण सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत बदलून जाण्याचा हक्क मुलाला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे. आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुलगी चालत जाता येईल अशा अनुदानित मराठी शाळेत गेली. बोर्ड तेच राहिल्याने पुस्तकं ओळखीची, तेवढंच एक ओझं कमी.

पहिले दोन महिने सोपे गेले नाहीत. मुलगा रोज सकाळी पोटात दुखतं म्हणायचा, रविवारी दुखायचं नाही. मी फोनवर त्यांना एवढंच सांगितलं की घाई करू नका, रोजचा क्रम बदलू नका, शाळेतून आल्यावर आधी खायला द्या आणि मग विचारा. ऑगस्टमध्ये ते थांबलं. थांबलं नसतं तर मी त्यांना डॉक्टरकडे आणि पुण्यातल्या समुपदेशकाकडे पाठवलं असतं. दोन महिन्यांच्या पुढे आपलं आपण ओढत राहू नये.

दिवाळीत ते कोल्हापूरला आले तेव्हा भेटून गेले. तिने घरातच सकाळचे दोन तास चार मुलांची शिकवणी सुरू केली आहे, त्यातली दोन त्याच मजल्यावरची. मुलींची फुटबॉल टीम अजून सापडलेली नाही, शोध चालू आहे. सासूबाई नवरात्रात अंबाबाईसाठी महिनाभर इकडे येऊन राहिल्या होत्या आणि ते दर वर्षी तसंच राहणार हे ठरलं आहे.

मी मुलीला दुकानाचं विचारलं. दोन्हीपैकी एका दुकानात ती जाते. दुकानदाराला तिचं नाव अजून माहीत नाही, "दही वाली" म्हणतो. गेल्या महिन्यात एकदा दोन रुपये कमी पडले होते.

"मग?"

"उद्या दे म्हणाला," ती म्हणाली. "मी दुसऱ्या दिवशी देऊन आलो."