ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचे लेबल वाचा

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२० साली पणजीहून असेंबल करून आणलेल्या आमच्या संगणकात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॉटचा एसएमपीएस आहे. मॉनिटर फुल एचडी, ७५ हर्ट्झचा आहे. चवथीला त्याला आरटीएक्स ५०६० टीआय घेऊन द्यावे, असा विचार आहे. एक दुकानदार म्हणतो, हा प्रोसेसर नव्या कार्डाला पुरणार नाही, सगळा संगणकच बदला. मुलाचे मित्र म्हणतात, स्लॉटमध्ये बसले की झाले. कोणाचे ऐकावे?
— एक पालक, फोंडा

उत्तर : संपूर्ण संगणक बदलण्याची गरज मला दिसत नाही, मात्र कार्ड स्लॉटमध्ये बसले म्हणजे काम झाले, हेही खरे नव्हे. आपल्या यादीत माझे लक्ष सर्वांत आधी गेले ते प्रोसेसरकडे नव्हे, तर सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडे. इतर भाग कमी पडले, तर फार तर गेम संथ चालेल. एसएमपीएस कमी पडला, तर संगणक ऐन खेळात बंद पडतो आणि हलक्या प्रतीचा एसएमपीएस जाताना सोबतचे भागही घेऊन जाऊ शकतो.

जीटीएक्स १६५० हे ७५ वॉटचे कार्ड आहे. मदरबोर्डवर कार्ड ज्यात बसते, तो पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट स्वतःच ७५ वॉटपर्यंत वीज पुरवू शकतो, म्हणून या कार्डाच्या अनेक आवृत्त्यांना वेगळी केबल जोडावीच लागत नाही. त्यामुळे आपला एसएमपीएस इतकी वर्षे विनातक्रार चालला, हा त्याच्या क्षमतेचा पुरावा मानू नये. त्याच्यावर खरा भार कधी आलेलाच नाही. ५०६० टीआय १८० वॉटपर्यंत वीज घेते, तिला सामान्यतः ८ पिनची स्वतंत्र केबल लागते आणि तिची चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाने तिच्यासाठी ६०० वॉटच्या एसएमपीएसची शिफारस केली आहे. हिशेब मांडला, तर कार्डाचे १८०, प्रोसेसरचे पूर्ण भाराखाली सुमारे ९० आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे यांचे मिळून साधारण ६० धरले, तरी बेरीज ३३० वॉटच्या आसपास येते. मग ६०० कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. ग्राफिक्स कार्डाचा वापर खेळताना एकसारखा राहत नाही. सेकंदाच्या अगदी लहानशा अंशासाठी तो नेमून दिलेल्या आकड्याच्या बराच वर उसळतो आणि ही उसळी झेलण्याइतकी जागा एसएमपीएसमध्ये शिल्लक असावी लागते.

म्हणून कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडून एसएमपीएसवरील लेबल स्वतः वाचा. ठळक छापलेल्या ४५० या आकड्यापेक्षा +१२ व्होल्टच्या रकान्यातील अँपिअर महत्त्वाचे आहेत, कारण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघांचीही वीज मुख्यतः तेथूनच येते. त्या अँपिअरला १२ ने गुणावे. तेथे ३४ अँपिअर लिहिले असेल, तर ४०८ वॉट मिळतात आणि लेबल बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. २० अँपिअरच असेल, तर हाती येतात केवळ २४० वॉट आणि उरलेला आकडा ५ व ३.३ व्होल्टच्या वाहिन्या मिळवून फुगवलेला असतो. लेबलवर कमी वीज वाया जात असल्याची ग्वाही देणारे ‘८० प्लस’चे चिन्ह नसेल किंवा ८ पिनची केबलच नसेल, तर अडॅप्टर लावून वेळ मारून नेऊ नका. माझा स्पष्ट सल्ला असा की, कार्डाच्या अंदाजपत्रकातच चांगल्या प्रतीच्या ६०० किंवा ६५० वॉटच्या एसएमपीएसची रक्कम धरा. नवा एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारा असेल, तर जुन्याच्या केबल त्याला कदापि जोडू नका. कार्डाकडचे टोक सारखे दिसले, तरी एसएमपीएसकडच्या टोकाची तारांची रचना प्रत्येक उत्पादकाची वेगळी असू शकते आणि त्या एका चुकीने नवे कार्ड जळू शकते.

आपल्याकडे पावसाळ्यात तारांवर फांदी पडून वीज केव्हा जाईल, याचा नेम नसतो. त्यामुळे यूपीएसचा विचार येथेच करणे मला आवश्यक वाटते, जरी आपण तो विचारलेला नाही. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच पेलतो. एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरली, तर ३३० वॉटचा संगणक भिंतीच्या प्लगमधून ३८० ते ३९० वॉट ओढतो. मॉनिटर आणखी वेगळा. म्हणजे सध्याच्या कार्डाला पुरणारा यूपीएस नव्या कार्डासह, नेमका वीज जाण्याच्या क्षणी, हात टेकणार. यूपीएसच्या मागे व्हीएसोबत वॉटचा आकडाही लिहिलेला असतो, तो पाहावा. त्याचबरोबर प्लगला अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

जागेचा प्रश्न मोजपट्टीने सुटतो. मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतची आतली लांबी मिलिमीटरमध्ये मोजून ती कार्डाच्या लांबीशी ताडून पाहा. जाडी दोन स्लॉटची की अडीच, हेही पाहा, कारण जाड कार्डाखाली मदरबोर्डवरील साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याची टोके झाकली जाऊ शकतात.

प्रोसेसरबद्दल दुकानदाराने दाखवलेली भीती तपासण्याचा सोपा मार्ग घरीच उपलब्ध आहे. मुलाने नेहमीचा गेम सुरू करून व्ही-सिंक, म्हणजे फ्रेमना मॉनिटरच्या वेगाला बांधून ठेवणारी सेटिंग, बंद करावा, बाकीची सेटिंग्ज तशीच ठेवून केवळ रिझोल्यूशन ७२० पर्यंत किंवा त्याहून खाली आणावे आणि सेकंदाला किती फ्रेम मिळतात, ते पाहावे. इतके करूनही ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वरच राहिला, तर अडथळा अजून कार्डाचाच आहे. तो बराच खाली आला, तर दिसणारा फ्रेमचा आकडा ही साधारणपणे प्रोसेसरची मर्यादा होय आणि कितीही महाग कार्ड आणले, तरी त्या गेममध्ये तिच्या फारसे पुढे जाता येणार नाही. येथे टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर विसंबू नये. ३६०० मध्ये १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे १२ धागे असल्याने एक थ्रेड पूर्ण दमला, तरी एकूण आकडा जेमतेम ८ टक्क्यांनी वाढतो. आपला मॉनिटर ७५ हर्ट्झचा असल्यामुळे सेकंदाला ७५ फ्रेमपलीकडचे पडद्यावर वेगळे दिसणारही नाही, म्हणून बहुतेक गेमसाठी हा प्रोसेसर आज पुरेसा ठरेल, असे मला वाटते. पुढे कमी पडलाच, तर बायोस, म्हणजे मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून याच बी४५० वर रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर बसवता येतो. सगळा संगणक बदलण्याचा सल्ला मला पटत नाही, तो म्हणूनच.

एक गोष्ट मात्र बी४५० मुळे खरोखर बदलते. हा मदरबोर्ड पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी वापरतो आणि ५०६० टीआय १६ ऐवजी ८ लेनवरच, म्हणजे माहितीच्या निम्म्याच मार्गिकांवर चालते. म्हणजे ये-जा करायला सेकंदाला सुमारे ८ जीबीचाच रस्ता मिळतो. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत सारे मावते, तोवर हे फारसे जाणवत नाही. ती भरली, की उरलेली माहिती याच रस्त्याने रॅममधून आणावी लागते आणि गेम अडखळू लागतो. हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते. आपल्या मदरबोर्डसाठी १६ जीबीचेच घ्यावे आणि तेवढी ऐपत नसेल, तर चवथीची सवलत पाहून घाई न करता थोडे थांबावे.

कार्ड आणण्यापूर्वी विंडोजच्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ यूईएफआय (नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी), हेही पाहून ठेवा. लेगसी असेल, तर नवे कार्ड लावल्यावर पडदा काळाच राहण्याची शक्यता असते आणि या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नसल्यामुळे दुरुस्तीसाठी जुने कार्ड पुन्हा बसवावे लागेल. ते लगेच विकू नका.

प्रश्न : कार्यालयांतून निघालेला, अरुंद कॅबिनेटचा जुना ब्रँडेड संगणक स्वस्तात मिळतो आहे. त्यात गेमिंगचे कार्ड बसेल का?
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : बसेल, पण निवड फार मर्यादित राहील. अशा संगणकांचा एसएमपीएस बहुधा कमी वॉटचा आणि कंपनीच्या स्वतःच्या घाटाचा असतो, त्यामुळे बाजारातला मोठा एसएमपीएस त्यात बसवता येत नाही. म्हणून वेगळी केबल न लागणारे आणि कमी उंचीचे कार्डच शोधावे. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ७० वॉटवर चालते आणि कमी उंचीच्या रूपातही मिळते. ८ जीबीची आवृत्ती मात्र वेगळी असून तिला केबल लागते, तेव्हा बिल करताना खोक्यावरील नाव नीट वाचून घ्यावे. इंटेलची आर्क कार्डे स्वस्त दिसली, तरी नीट चालण्यासाठी त्यांना रिसायझेबल बारची, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय लागते आणि जुन्या कार्यालयीन मदरबोर्डवर ती सहसा नसते. संगणक घेण्यापूर्वी दुकानातच झाकण उघडायला सांगून लांब स्लॉट रिकामा आहे आणि त्याच्यासमोर हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येत नाही, याची खात्री करून मगच पैसे द्या.