घरगुती मसाल्यांच्या धंद्याचं नाव गोव्यात कुठे आणि कसं रजिस्टर करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमची जाऊ दोन वर्षं घरून मसाला, लोणचं आणि आमसुलांचं आगळ विकता, नाव ठेवलंय 'गोवा स्पेशल मसाले'. हे नाव पंचायतीत रजिस्टर करायचं की पणजीला, जीएसटीच्या सर्टिफिकेटवर आलं की पुरे का, एजंट अठरा हजार मागतो ते बरोबर का, आणि चवथीआधी नवीन पाकिटं छापायची तर थांबावं का, असे तुमचे प्रश्न. मी फोंड्यात हिशेबाचं आणि परवान्यांचं काम करतो, त्यामुळे हा घोळ बऱ्याचदा टेबलावर येतो.

पंचायत परवाना देते तो जागेला आणि धंद्याला. दुकान असेल तर १९७३ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली मजूर खात्याकडे नोंद होते. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे. एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी, खाण्याच्या मालाला हवंच. जीएसटीच्या सर्टिफिकेटवर 'ट्रेड नेम' असा रकाना असतो आणि सगळी गफलत तिथेच होते. त्या रकान्यात तुम्ही लिहाल ते छापून येतं. तेच नाव उद्या डिचोलीतल्या कुणी लिहिलं तरी पोर्टल त्याला अडवत नाही. यातल्या एकाही कागदाने नावाची मालकी मिळत नाही. हे कागद करू नका असं मी म्हणत नाही, पुढे पुरावा म्हणून ते उपयोगी पडतात. पण नावावर हक्क सांगायचा तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखालीच अर्ज करावा लागतो. त्याचं कार्यालय पणजीत नाही. गोवा मुंबईच्या कार्यालयाखाली येतो, ते अँटॉप हिलला आहे. मात्र जायची गरज नसते, अर्ज ऑनलाइन होतो.

आता नावाकडे येतो. हे तुम्हाला आवडणार नाही: 'गोवा स्पेशल मसाले' यावर पैसे घालू नका. 'गोवा' हे ठिकाण, 'मसाले' हा माल, 'स्पेशल' ही स्तुती. कायद्याचं कलम ९ नेमक्या अशाच नावांना आडवं येतं, कारण गोव्यातला प्रत्येक मसालेवाला हे शब्द वापरणार आणि त्याला ते वापरता आले पाहिजेत. वर्षानुवर्षांच्या वापराने लोक ते नाव फक्त तुमच्या मालाशी जोडतात असं सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी, पण दोन वर्षांच्या घरगुती विक्रीवर ते जमणं कठीण.

दुसरं जे आपल्याकडे हटकून सुचतं ते देवाचं नाव. फोंडा तालुक्यात फिरा, शांतादुर्गा, मंगेशी, म्हाळसा यांच्या नावाने गॅरेजपासून गाड्यापर्यंत सगळं सापडेल. श्रद्धा ठीक आहे, पण इतक्या जणांनी वापरलेलं नाव एकट्याने धरून ठेवता येत नाही. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याला मिळावं म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ मध्ये न्यायालयाने नकार दिला. आडनावाचंही तसंच. 'नाईक मसाले' घेतलंत तरी दुसऱ्या नाईकाला स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायची मुभा कलम ३५ देतं, आणि गोव्यात नाईक काही कमी नाहीत. खोला मिरची, हरमल मिरची, खाजे, बेबिंका, काजू फेणी यांना जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख, मिळालेलं आहे. ती नावं त्या त्या उत्पादकांची सामाईक असतात, एका घराच्या मालकीची होत नाहीत. मसाल्यात खरोखर खोला मिरची असेल तर पाकिटाच्या मागे घटकांमध्ये लिहा, नावात नको.

मग नाव कसलं? मालाबद्दल काहीच न सांगणारं. उदाहरण म्हणून 'चानी', म्हणजे खार, घ्या. चानीचा आणि मसाल्याचा काडीचा संबंध नाही, म्हणून तर ते धरता येतं. (घेऊ नका हं, आधी शोधा.) ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोध घेता येतो. तिथे स्पेलिंग फिरवून बघा, उच्चारावरून शोधायची सोय आहे तीही वापरा. सारखं दिसणारं आणि सारखं ऐकू येणारं, दोन्ही अडचणीचं ठरतं.

वर्गांचं गणित एजंट बहुधा समजावत नाहीत. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत आणि फी दर वर्गाला वेगळी. तुमचा मसाला वर्ग ३० मध्ये जातो, लोणचं २९ मध्ये आणि आगळ सरबताच्या बाजूने ३२ मध्ये. एकाच स्वयंपाकघरातल्या तीन बरण्या, पण कायद्याच्या हिशेबी तीन वर्ग. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये, म्हणजे तिन्हीचे १३,५००. तेव्हा अठरा हजारांत तिन्ही वर्ग आणि पुढच्या आक्षेपाचं उत्तर धरलेलं असेल तर तो माणूस वाजवी मागतोय. एकाच वर्गाचे अठरा असतील तर सरकारी फी किती आणि तुमची किती, हे कागदावर लिहून मागा. खर्च आवरायचा असेल तर जे जास्त खपतं त्या वर्गापासून सुरुवात करा. माझा अंदाज, तुमच्याकडे ते मसालाच असेल.

यापेक्षा मोठा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही: अर्ज कुणाच्या नावावर? तुमच्या एकटीच्या नावावर टाकला तर कागदोपत्री नाव तुमचं, जावेचं काही नाही. आज तुमचं पटतं, ते तसंच राहो, पण वाटण्या होतात तेव्हा मसाल्याचं पातेलं राहतं बाजूला आणि भांडण होतं पाकिटावरच्या नावावरून. अर्जदार मागाहून खोडून बदलता येत नाही, हस्तांतराचा वेगळा करार करावा लागतो. त्यामुळे आधी भागीदारीचा करार करून घ्या, फर्म नोंदवा आणि अर्ज फर्मतर्फे टाका. नोंदणी सक्तीची नाही, पण १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे न नोंदलेल्या फर्मला पैसे बुडवणाऱ्यावर करारावरून दावा लावता येत नाही. फर्मच्या नावाने अर्ज केला की फी दुप्पट, ९,००० होते. फर्मचं उद्यम सर्टिफिकेट जोडलं की पुन्हा ४,५०० वर येते, म्हणून उद्यम आधी काढा. जाता जाता सांगतो, आपल्याकडच्या नागरी कायद्यामुळे गोव्यात धंद्याचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरलं जातं. काहींना वाटतं की घरातल्या सगळ्यांचंच तसं होत असेल. जावेचा त्यात काही संबंध येत नाही.

अर्जात एक रकाना असतो: नाव कधीपासून वापरात आहे. नवीन नाव घेतलंत तर 'वापरायचं आहे' असं लिहा. जुनंच नाव असेल तर खरी तारीख घालून प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडा. काही एजंट प्रतिज्ञापत्राचा व्याप नको म्हणून सगळ्यांचंच 'वापरायचं आहे' करून टाकतात, ते खपवून घेऊ नका. ती ओळ नंतर दुरुस्त होत नाही. आणि आधीपासूनच्या वापराला आपल्या कायद्यात वजन आहे, इतकं की उशिरा आलेल्याने नोंदणी आधी मिळवली तरी जुन्या वापरणाऱ्याला तो थांबवू शकत नाही. आमच्या एका काजूवाल्या गिऱ्हाइकाच्या वादात सगळ्यात कामाला आलं ते छापखान्याचं बिल, कारण त्यावर तारीखही होती आणि पाकिटाचं नावही.

अर्ज गेल्यावर तपासणी होते. स्टेटसमध्ये 'ऑब्जेक्टेड', म्हणजे आक्षेप, दिसलं की लोक घाबरून फोन करतात. घाबरायचं काही नाही, ते नेहमीचंच आहे, पण तपासणी अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर गेलं पाहिजे. अहवालाचा ईमेल न बघितल्यामुळे बाद झालेले अर्ज मी पाहिलेत, म्हणून अर्जात एजंटाचा ईमेल असला तरी स्टेटस स्वतः बघत जा. मान्य झालं की नाव सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतं आणि हरकतीसाठी चार महिने द्यावेच लागतात. यावरूनच कळेल, 'महिन्याभरात सर्टिफिकेट देतो' म्हणणारा काय दर्जाचा आहे. नोंदणी झाली की ती दहा वर्षांची, आणि धरली जाते अर्जाच्या तारखेपासून.

आता चवथीची पाकिटं. सर्टिफिकेटची वाट बघू नका. नाव ठरवा, शोध घ्या, अर्ज टाका आणि छापायला द्या. अर्जात नुसता शब्द टाका, रंगीत लोगो नको. रंगासकट नोंदवलंत तर हक्क त्या रंगांपुरता राहतो, आणि पाकिटाचा रंग तर तुम्ही पुढच्या वर्षी बदलणारच. नावापुढे 'टीएम' छापायला हरकत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी होईपर्यंत छापू नका, त्याला कायद्याने दंड आहे, छापखानेवाला 'सगळेच टाकतात' म्हणाला तरी. पहिली खेप थोडीच काढा आणि बिल फर्मच्या नावाने, पाकिटावरचं नाव लिहून घ्या.