कंपनी गेली, गाव राहिलं

प्रश्न : कोळसा खाणीसाठी वसवलेली गावं खाण बंद पडताच ओस का पडतात? शेतीच्या गावांचं असं होत नाही.

उत्तर : कारण तिथे माणसाच्या मालकीचं काहीच नसे. अमेरिकेतलं केंटकीच्या डोंगरातलं लिंच बघा. १९१७ मध्ये यू. एस. स्टीलच्या उपकंपनीने ते वसवलं. घरं, दुकान, दवाखाना, सगळं कंपनीचं. भाडं पगारातून कापलं जाई. अशा अनेक गावांत पगाराऐवजी कंपनीची टोकन मिळत आणि ती कंपनीच्याच दुकानात चालत. मग शिल्लक कुठून पडणार? नोकरी गेली की घरही जाई. मला याचा आजही राग येतो.

यंत्रं आली, माणसं कमी झाली. एकेकाळी दहा हजारांच्या घरात असलेली लिंचची वस्ती आज हजाराच्याही खाली आहे. पण ते मेलेलं नाही हो! कंपनीने १९६०च्या दशकात घरं रहिवाशांना विकली, म्हणून काही कुटुंबं टिकली. जुन्या ‘पोर्टल ३१’ खाणीत आता पर्यटकांना रुळांवरच्या गाडीतून नेतात. शेजारच्या बेनहॅममध्ये तिथल्या वेगळ्या कंपनीच्या दुकानाचं कोळसा संग्रहालय झालंय. २०१७ मध्ये त्याच्या छपरावर सौर पॅनल बसवले, वीजबिल वाचावं म्हणून.