ट्रम्पच्या टॅरिफमुळे अमेरिकेत घरं महागतील की मंदी येऊन स्वस्त होतील? घर घ्यायचं थांबावं का?

मी टेक्सासमध्ये एका बिल्डरकडे एस्टिमेटिंगचं (बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढायचं) काम करतो, त्यामुळे रोज जे समोर येतं त्यावरून सांगतो. फक्त टॅरिफसाठी थांबू नका.

इथल्या घरांचा सांगाडा लाकडाचा, आणि अमेरिकेत लागणाऱ्या सॉफ्टवुडपैकी (पाइन, स्प्रूससारखं बांधकामाचं लाकूड) साधारण ३० टक्के बाहेरून येतं, त्यातलं बहुतेक कॅनडातून. कॅनडाच्या लाकडावर ड्यूटी (आयात शुल्क) आधीपासूनच होती (दोन देशांचं हे भांडण १९८२ पासूनचं आहे), २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती बहुतेक कंपन्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास गेली आणि ऑक्टोबरमध्ये वर आणखी १० टक्के बसले. लोक म्हणतात मग इथलंच लाकूड वापरा ना, पण आमच्या दक्षिणेकडचा पिवळा पाइन वाळताना पिळतो, वर ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड) लावल्यावर भिंतीला पोट येतं, म्हणून भिंतींसाठी सुतार कॅनडाचं स्प्रूसच मागतात. शिवाय २०२५ मध्येच स्टील-ॲल्युमिनियमवर ५० टक्के आणि किचन कॅबिनेटवर २५ टक्के टॅरिफ बसलं.

तरी घराची किंमत त्या हिशोबात वाढत नाही, कारण जमीन, मजुरी, परमिट यांना टॅरिफ लागत नाही आणि गिऱ्हाईकाचीही ऐपत संपलेली असते. मग बिल्डर मार्जिन कापतो, घर लहान करतो, नाहीतर नवीन काम सुरूच करत नाही. मला खरी काळजी या शेवटच्याची वाटते, आज न बांधलेली घरं दोन वर्षांनी टंचाई बनून पुढे येतात.

खरा फटका व्याजाचा. तीस वर्षांच्या कर्जाचा दर दहा वर्षांच्या सरकारी बाँडच्या मागे चालतो. एप्रिल २०२५ मध्ये टॅरिफ जाहीर झाले तेव्हा मंदीच्या भीतीने बाँडचा दर आधी ४ टक्क्यांपर्यंत उतरला आणि आठवडाभरातच साडेचारच्या जवळ गेला. चार लाख डॉलरच्या कर्जावर ६ चे ७ टक्के झाले की हप्ता महिन्याला अडीचशेहून जास्त डॉलरनी वाढतो, म्हणजे लाकडापेक्षा हेच जास्त बोचतं. आणि २०२०-२१ मध्ये ज्यांनी ३ टक्क्यांनी कर्ज घेतलं ते घर विकायला तयार नाहीत, कारण दुसरं घर घ्यायला आताच्या महाग दराने कर्ज काढावं लागेल, मग जुनी घरं तरी स्वस्त कुठून होणार?

नोकरीची किंवा व्हिसाची धास्ती असेल तर मात्र जरूर थांबा, मंदी आली तर घर स्वस्त मिळण्याआधी पगार जातो. नवीन बांधकाम घेत असाल तर करारात मटेरियल महागल्यास फरक तुमच्याकडून घ्यायचं कलम आहे का ते बघा, आणि असेल तर त्याला वरची मर्यादा लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.