किसमुरीचा दोष नाही, आजी

प्रश्न : सुनेचं ब्लडप्रेशर आठव्या महिन्यात १६०/११० झालं, लघवीतून प्रथिनं जात होती. ३३व्या आठवड्यात सिझेरियन केलं. नातू १,५०० ग्रॅमचा, काचेच्या पेटीत आहे. तिनं सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर बरीच खाल्ली, त्यानंच झालं का? – एक आजी, डिचोली

उत्तर : आजी, किसमुरीला दोष देऊ नका आणि सुनेला तर मुळीच नको. या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात, त्याचं मूळ वारेत (प्लॅसेंटात) असतं. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या हव्या तशा रुंदावत नाहीत, त्यामुळे बाळाला रक्त कमी पोचतं. म्हणून वजन कमी. अंगावर चरबी नाही, त्यामुळे बाळ लवकर गार पडतं, साखर घसरते. नर्स टाचेतून रक्त घेते ती त्यासाठीच. (ते बघताना आज्या जास्त रडतात, आया कमी!) अशा बाळांत कधी प्लेटलेट्सही कमी असतात, बहुधा काही दिवसांत आपोआप वाढतात. फुप्फुसं कोवळी असल्यानं श्वासाला मदत लागू शकते.

डॉक्टर हो म्हणाले की सुनेला बाळ उघड्या छातीवर घेऊ द्या. दूध तिचंच, प्रेशरच्या नेहमीच्या गोळ्या चालू असल्या तरी चालतं. मध, घुटी काही नको.

आणि सुनेकडेही बघा. बाळंतपणानंतरही प्रेशर चढतं, झटके येऊ शकतात. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर रात्र असली तरी इस्पितळात न्या. चवथीच्या नेवऱ्या यंदा दुसऱ्या कोणीतरी कराव्या.