पी ०४२० आला म्हणून लगेच कॅट बदलू नकोस

भावा, तुझी गाडी २०१८ ची बीएस-४ पेट्रोल, ८० हजार किलोमीटर झालेली. आठवडाभर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागून आहे, चालवताना फरक काहीच नाही, आणि गॅरेजवाल्यानं स्कॅनरवर पी ०४२० हा दोषाचा कोड दाखवून ‘कॅट गेलाय, ४० हजार लागतील’ म्हणून सांगितलंय. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाचा धूर साफ करणारा डबा. अजून पैसे देऊ नकोस. कॅटच्या पुढं एक आणि मागं एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. त्या दोघांची तुलना करून कॉम्प्युटरला कॅटचं काम कमी पडतंय असं दिसलं, एवढाच त्या कोडचा अर्थ. का कमी पडतंय, ते कोड सांगत नाही.

माझ्या गाडीला हाच कोड आला होता. एका गॅरेजमध्ये मागचा सेन्सर बदलला, आठ दिवसांत दिवा परत हजर. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडी रात्रभर तिथंच ठेवून घेतली. सकाळी गार इंजिन चालू केलं, ओल्या फडक्याची जाड घडी सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरली आणि मला बॉनेटमध्ये वाकून ऐकायला सांगितलं. मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा पाइप) आणि कॅटच्या जोडापाशी फुस-फुस आवाज येत होता. साबणाचं पाणी मारल्यावर तिथंच बुडबुडे, आणि कडेला नखाएवढा काजळीचा डाग. गॅस्केट बदलली, गंजलेले बोल्ट नवे घातले, दिवा गेला. तो सेन्सर मी उगाच बदलला होता.

एवढ्याशा फटीनं फरक का पडतो? इंजिनातला धूर धक्क्याधक्क्यानं बाहेर पडतो. दोन धक्क्यांच्या मधे दाब उतरतो, तेव्हा बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि हिशोब चुकतो. फट पुढच्या सेन्सरच्या आधी असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी पडतंय समजून जास्त सोडायला लागतो. म्हणून स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, बघायला सांग. तो सतत अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर कॅटचा विषय सोडून आधी हवेची गळती शोधायची.

कोड पुसायच्या आधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढ, फ्रीझ फ्रेमसकट. दिवा लागला त्या क्षणी वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान किती होतं हे त्यात असतं. बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा सल्ला कुणीतरी देईलच, पण त्यानं हा सगळा पुरावा जातो आणि दोष तसाच राहतो. पी ०४२० च्या सोबत पी ०३०० (मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) किंवा पी ०१७१ (पेट्रोलच्या मानानं हवा जास्त) असेल तर ते आधी मिटव. मिसिंग किंवा हवेची गळती मिटली की कॅटचा कोड पुष्कळदा परत येतच नाही.

त्यानंतर गाडी पूर्ण तापू दे. कावळा नाक्यावरून हायवेला लागून कागलपर्यंत जाऊन आलास तरी पुरे. मग उभ्या गाडीत २५०० आरपीएम धरून दोन्ही सेन्सरचे व्होल्ट बघ. पुढच्याचा आकडा ०.१ ते ०.९ मधे सारखा खालीवर नाचायला हवा, मागच्याचा ०.६-०.७ च्या आसपास जवळपास स्थिर. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल आणि गळती कुठंच नसेल, तर मात्र कॅट खरंच थकलाय. काही गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा) असतो, त्यात असा नाच दिसत नाही. तेव्हा मागच्या सेन्सरवरच लक्ष ठेव.

आणि कॅट थकलाच असेल तर कशानं, हे विचारल्याशिवाय नवा घालू नकोस. तो सहसा दुसऱ्याच्या दुखण्यानं मरतो. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर त्याच्यावर बसतो, कूलंट आत गळत असेल तरी तसंच. प्लग किंवा कॉइल खराब होऊन इंजिन मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. म्हणून दिवा लुकलुकायला लागला तर गाडी तिथंच बाजूला घे, पुढं दामटू नकोस. तुझा दिवा स्थिर आहे, तेव्हा तेवढी घाई नाही.

पेट्रोलचं झाकण घट्ट कर असंही तुला कुणी सांगेल. ते अमेरिकेतल्या गाड्यांना लागू पडतं, तिथं टाकीतून वाफ गळते का हे गाडी स्वतः तपासते. आपले नियम युरोपच्या वळणाचे आहेत, आपल्या बहुतेक गाड्यांत झाकण सैल राहिलं म्हणून हा दिवा लागत नाही.

कॅट काढून नुसता पाइप टाकून देतो म्हणणारेही भेटतील. ते करू नकोस, तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. शेवटी बदलायचाच ठरला तर जुना कॅट मागून घे. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याला चांगली किंमत येते. दुरुस्तीनंतर कोड पुसला नाहीस तरी चालेल, सलग तीन ड्रायव्हिंग सायकलमध्ये दोष दिसला नाही की दिवा आपोआप विझतो.

उद्या सकाळी गाडी गार असताना फडकं लावून बघ. नंतर दोन्ही सेन्सरचे आकडे आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो इथं टाक, बघून सांगतो.