आत गेला म्हणजे सुधारला का?

प्रश्न: शेजारचा पोरगा ड्रग्जच्या केसमध्ये आत गेलाय, सगळे म्हणतायत बरं झालं, आता सुधारेल. खरंच सुधारतो का हो?

उत्तर: नुसतं आत टाकून नाही हो. विकणाऱ्याला पकडायलाच हवं, पण व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतसुद्धा आहे. आणि एक धोका कुणी सांगतच नाही, हेरॉइनसारखं काही घेत असेल तर आत राहून शरीराची सवय मोडते, मग बाहेर येऊन जुनाच डोस घेतला की श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो, सुटल्यानंतरचे पहिले 2 आठवडे तर फार जपायचे. अशा व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी औषधं आहेत, सुटला की लगेच डॉक्टरांकडे न्यायला सांगा. आणि त्याच्या आईशी आजच बोला प्लीज, ती बिचारी लाजेने घराबाहेरही पडत नसेल.